दिवेलागणीचा प्रश्न

उतरायचं होतं पांढुर्ण्याला आणि उतरले तिगावला. नागपूरहून सुटलेल्या पॅसेंजरमध्ये मी मांडीवर लॅपटॉप उघडून एका मुलीचा आलेख बघत बसले होते. पांढुर्णा आलं, चहावाले ओरडून गेले, निम्मा डबा रिकामा झाला, आणि मला पत्ताच नाही. पुढच्या स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा घाईघाईने बॅग ओढत खाली उतरले. फलाटावर मी, एक कुत्रं आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या एक बाई, एवढेच होतो.

"पांढुर्णा तं मागं गेलं न बाई," त्या म्हणाल्या. "झोपून राहिल्या होत्या काय?"

"नाही हो, काम करत होते."

"मंग बराबर आहे. कामात असलं का मानसाले बाहीरचं काही दिसत नाही."

त्यांनी मला रस्त्यापर्यंत नेलं, पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या ऑटोत बसवलं आणि टोपलीतली दोन संत्री हातात ठेवली. पैशाचं नाव काढताच रागावल्या. ती संत्री मी बॅगेत टाकली आणि विसरले. संध्याकाळी बॅग उघडली तेव्हा एक फुटलेलं होतं आणि माझे सगळे संमतिपत्राचे कागद पिवळे झाले होते. पीएचडीच्या गाईडना हे कसं समजावायचं, याचा विचार मी अजून करते आहे.

मी मूळची साताऱ्याची. बारा वर्षं शाळांमधून समुपदेशक म्हणून काम केलं आणि चाळिशी जवळ आल्यावर पुण्यात पीएचडीचं खूळ डोक्यात घेतलं. विषय असा, की ऑनलाइन तंत्रज्ञानाने तरुण मुलांच्या मनाच्या आरोग्याला काही आधार मिळतो का. त्यासाठी आम्ही एक अ‍ॅप बनवलं. रोज संध्याकाळी साडेसहाला ते मुलांच्या फोनवर वाजतं आणि विचारतं, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे, अगदी रडक्यापासून अगदी हसऱ्यापर्यंत. एक दाबायचा, वाटलं तर चार ओळी लिहायच्या. कुणी सलग तीन दिवस रडका चेहरा दाबला, की आमची समुपदेशक अनघा पुण्याहून त्या मुलाला फोन करते. साडेसहाची वेळ मी ठरवली होती. मुलं कॉलेजातून घरी आलेली असतात, जेवायला अवकाश असतो. बैठकीत ते ठरायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

महाराष्ट्राबाहेरची मराठी मुलंही अभ्यासात हवीत हा माझाच हट्ट. म्हणून मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर भागातली काही मुलं घेतली. त्यातली एक एक्केचाळीस नंबरची. आमच्याकडे मुलांना नावं नसतात, नंबर असतात. पहिले दोन महिने ही मुलगी बहुतेक रोज रडका चेहरा दाबायची आणि खूप लिहायची. अनघाने तिला बरेचदा फोनही केला होता. मग दिवाळीनंतर एकाएकी हसरा चेहरा सुरू झाला. रोज, न चुकता, अगदी हसरा, आणि लिहिणं बंद. आलेख खड्ड्यातून वर चढत जाऊन सरळ रेषेत स्थिरावलेला. गाईड सरांना तो फार आवडला. म्हणाले, "चौथं प्रकरण यानेच सुरू करा." मी हो म्हटलं. आतून मात्र शंका खात होती. माणूस तीन महिने रोज सर्वांत आनंदी कसा असेल? मी तर माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हते.

घरी येऊन भेटलं तर चालेल, असं तिने सुरुवातीलाच संमतिपत्रात लिहून दिलं होतं. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी निघाले.

पांढुर्णा

आता हे जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे. दुकानांच्या पाट्या हिंदी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार हिंदी, आणि पाटीखाली उभा असलेला दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत भांडतो आहे. मला आधी गंमत वाटली, मग घाम फुटला. कॉलेजच्या आवारात लिंबाखाली जमलेल्या मुलांना मी छापील प्रश्न दिले, तर ती एकमेकांकडे बघायला लागली. मराठी त्यांच्या घरातली भाषा होती. वाचायचं मात्र सगळं त्यांनी हिंदीतून वाचलेलं. 'नैराश्य' या शब्दावर बोट ठेवून एका मुलीने विचारलं, "हे काय असते, मॅडम?"

"म्हणजे काहीच करावंसं वाटत नाही, उदास वाटतं..."

"अच्छा. मन नाही लागून राहिलं, असं?"

मी कागद बाजूला ठेवले. नुसत्या गप्पा सुरू केल्या आणि मग मुलं बोलायला लागली. परीक्षेबद्दल, पोलीस भरतीबद्दल, लग्न ठरल्यामुळे कॉलेज सोडलेल्या मैत्रिणीबद्दल. तालेवार मानसतज्ज्ञांना लाजवतील असे शब्द त्यांच्याकडे होते. छातीत धकधक होते, डोक्यात गाडी चालू राहते, घरात असून घरी नसल्यासारखं वाटते. साताऱ्याला आम्ही एवढं बोलत नाही. आम्ही 'काही नाही, बरंय' म्हणतो आणि विषय बदलतो.

अंकुश नावाचा एक मुलगा सगळ्यांत बोलका होता. त्याच्या नंबरचे चेहरे मी पाहिले होते, नेहमी चौथा किंवा पाचवा. पण बोलताना तो सांगत होता, की दोन महिने झोप नाही. मी म्हटलं, "अरे, मग तू रोज हसरा चेहरा कसा दाबतोस?"

"संध्याकाळचं जाऊ द्या न मॅडम. संध्याकाळी सगळेच बरे असते."

बाकीची मुलं हसली. मी वहीत लिहून घेतलं, 'संध्याकाळी बरे वाटते. खेळ किंवा व्यायामाचा परिणाम असावा.' ही नोंद अजून माझ्याकडे आहे. फाडून टाकलेली नाही.

सौंसर

सौंसरला माझ्या मैत्रिणीचे आईवडील राहतात. गजभिये काका पोस्टातून निवृत्त झाले आहेत. बसस्टँडवर ते स्कूटर घेऊन उभे होते आणि माझी बॅग पायात ठेवून बाजारातून अशा सफाईने निघाले, की मी डोळे मिटून घेतले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे क्रेट लागले होते. हवेतच आंबटगोड वास होता.

काकूंनी सोलेभात केला होता. ओल्या तुरीचे दाणे घालून केलेला हा भात आमच्याकडे कुणाला माहीत नाही. वर कच्चं तेल आणि सोबत झणझणीत ठेचा. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा काकू म्हणाल्या, "पुण्याले उपाशी ठेवून राहिले काय तुले?"

त्याआधी संध्याकाळी एक साधी गोष्ट घडली. काका-काकूंचं गच्चीच्या टाकीवरून कडाक्याचं वाजलं होतं. टाकी कुणी भरून ठेवायची होती, कोण विसरलं, वगैरे. मी पाहुणी, त्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घालून बसले. अंधारायला लागलं तसं काकू बोलता बोलता उठल्या. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, दोघांनी हात जोडून वंदना म्हटली. नंतर काका अगदी शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी पाहू टाकीचं."

"भांडण संपलं का काका?" मी विचारलं.

"संपलं नाही. थांबलं. या टायमाले घरात वाकडं नाही बोलत आमच्या इकडं. हिंदूंच्या घरी दिवा लावते, आमच्या घरी मेणबत्ती. पण वाकडं कोणीच नाही बोलत."

मला हे ऐकून अडखळायला हवं होतं. माझी आजी संध्याकाळी कुणी 'नाही' म्हटलं तरी चिडायची. या वेळेला वास्तू 'तथास्तु' म्हणते, तोंडातून निघेल ते खरं होतं, असं ती सांगायची. त्याच घरात मी वाढले होते. पण ठेचा तिखट होता, दिवसभराचा प्रवास झाला होता, आणि मी झोपून गेले.

जामसावळीवरून बोरगाव

दुसऱ्या दिवशी दुपारी काका मला बोरगावला सोडायला निघाले. वाट थोडी वाकडी करून जामसावळीचा मारुती दाखवू म्हणाले. आडवा झोपलेला मारुती मी पहिल्यांदाच पाहिला. पण मी थांबले ती देवळाबाहेर. मनाने आजारी असलेल्या माणसांना घेऊन कितीतरी कुटुंबं इथे येतात, काही मुक्कामाला असतात. एक म्हातारी आपल्या पन्नाशीच्या मुलाला केळं सोलून घास घास भरवत होती. तो मध्येच जोराने ओरडायचा. आजूबाजूला कुणी वळूनही बघत नव्हतं. मी शिकलेल्या बाईची आठी कपाळावर घालून आले होते. ती तिथे फार वेळ टिकली नाही. आमच्या प्रश्नावलीत 'तुम्ही कुणाची मदत घेतली?' असा एक प्रश्न आहे, त्याला सहा चौकटी आहेत. या म्हातारीसाठी त्यात चौकट नव्हती.

बोरगावात एक्केचाळीस नंबरचं घर सापडायला वेळ लागला नाही. पुढे ओटा, मागे संत्र्याची बाग. वडील संत्र्यांची गाडी घेऊन नागपूरला गेले होते. आई दारातच उभी होती. फोनवर हिनेच मला 'या न जी' म्हटलं होतं. मी तिला वहिनी म्हणाले, ती मला बाई म्हणाली. काका मला सोडून सातला परत येतो म्हणून गेले.

मुलगी ओट्यावर बसून संत्री निवडत होती. लहान एकीकडे, मोठी एकीकडे. वय एकोणीस. केसांना तेल लावून कुणीतरी घट्ट वेणी घातलेली, चेहरा उतरलेला. मी इथे तिला पूनम म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं आहे.

"पूनम, मी पुण्याहून आले. त्या अ‍ॅपवर तू लिहायचीस ना, ते वाचणारी मी."

तिने वर पाहिलं. "मी कुठी लिहून राहिली? माझ्याजवळ फोन कुठी आहे?"

"मग रोज चेहरा कोण दाबतं?"

उत्तर आईने दिलं, पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवता ठेवता. "मी दाबतो जी. एक दिवस नाही चुकवला."

मग हळूहळू सगळं कळलं. कारण असं काही नव्हतं. कुणी काही बोललं नव्हतं, काही घडलं नव्हतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना पूनमचं मन उडालं. कॉलेज सुटलं, जेवण सुटलं. दिवाळीत घरी आलेल्या कुणी पाहुण्याने वडिलांना सांगितलं, मोबाईल बंद करा, पोरगी सुधरेल. वडिलांनी चांगल्या मनानेच फोन काढून घेतला आणि आईकडे दिला. आईने तो देवघरातल्या कोनाड्यात ठेवला.

"अन् साडेसहाले वाजे तो," आई सांगत होती. "नेमका दिवा लावायच्या टायमाले. मले वाचता नाही येत, पण चेहरे तं समजते न. पयले मी पाह्यलं होतं, हे रोज रडकं दाबे. मी म्हणो, बाई, दिवेलागणीले असं रडकं नको सांगू कोणाले. मंग फोन माझ्याजवळ आला, तं मी हसतं दाबून राहिली. दिवा लावतो, हात जोडतो, अन् दाबतो. म्हटलं, माझ्या पोरीचं असंच होऊ दे."

पूनम संत्री निवडत राहिली. मी विचारलं, "आणि तिची तब्येत? सुधारली?"

आई पदराशी चाळा करायला लागली. जामसावळीला पाच मंगळवार नेलं, म्हणाली. तिथे तिला बरं वाटतं, कारण तिथे कुणी विचारत नाही काय झालं म्हणून. मग आवाज खाली आणून म्हणाली, "संक्रांतीच्या आधी एक दिवस गेली होती न जी घरून. सकाळची गेली. सारं गाव पालथं घातलं. सांजच्याले सापडली, बागेतल्या विहिरीजवळ बसून होती. काही बोलली नाही. तिच्या बाबानं हात धरून आणली. त्या दिवशी मी तीनदा दाबलं."

तीनदा. ते मला माहीत होतं. एकाच संध्याकाळी तीन हसरे चेहरे मी माझ्या टेबलावर बसून पाहिले होते. तांत्रिक बिघाड, दुबार नोंद, असं म्हणून त्यातले दोन मी स्वतःच्या हाताने पुसले होते आणि एक ठेवला होता. दिवाळीनंतर आठ दिवस हसरा चेहरा आला तेव्हा याच मुलीच्या नंबरापुढे 'बरी आहे, फोनची गरज नाही' असं लिहिलं तेही मीच. जी गोष्ट आमच्या अख्ख्या अ‍ॅपचा जीव होती, तो अनघाचा फोन, ती या घरात एका आईच्या प्रार्थनेने बंद पडली होती. आणि प्रार्थनेच्या वेळी प्रश्न विचारायला सांगितलं होतं मी.

खरं सांगावं की नाही? नाही सांगितलं तर उद्याही ती बाई दिवा लावेल आणि हसरा चेहरा दाबेल. सांगितलं तर जन्मभर तिला ते पुरेल. शेवटी पूनमनेच सोडवलं. मान वर न करता म्हणाली, "मायले सांगा न मॅडम, कोणता चेहरा दाबला का फोन येते."

मी सांगितलं. रडका चेहरा आला की आमच्याकडच्या ताई फोन करतात. हसरा आला की आम्हाला वाटतं, सगळं ठीक आहे.

आईचा हात पदरावर थांबला. "म्हंजे त्या ताईचा फोन मीच बंद केला?"

"नाही वहिनी. मी केला. दिवा लावायच्या वेळेला असं विचारायला नको होतं. माझी आजीसुद्धा त्या वेळी वाईट बोलू देत नव्हती. मला कळायला हवं होतं."

"तुम्ही तं पुण्याले होत्या," ती म्हणाली. "मी तं इथीच होती न." माझं म्हणणं तिला पटलं नाही. मलाही ते पटवता आलं नाही, कारण अशा वेळी कुणाची चूक किती हे वाटून घेता येत नाही. ती आत गेली आणि चुलीपाशी काहीतरी भांडी हलवत राहिली. रडते आहे हे आम्हा दोघींना ऐकू येत होतं. पूनम संत्री निवडायची थांबली.

पुण्याला परतल्यावर मी वेळ बदलली. आता मुलं आपापली वेळ निवडतात. त्या भागातल्या बहुतेकांनी सकाळ निवडली, आणि त्यांचे चेहरे लगेच उतरले. अंकुशला त्याच आठवड्यात अनघाचा फोन गेला. पूनम आता नागपूरला डॉक्टरांकडे जाते, गोळ्या चालू आहेत. मंगळवारी जामसावळीलाही जाते. मी नको म्हटलं नाही. फोन तिचा तिला परत मिळाला आहे. चौथं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहायचं आहे. सर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी मला फारशी लागत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

ऊन उतरलं. आई तोंड धुऊन बाहेर आली, आम्हाला चहा दिला. शेजारच्या घरांतून घंटीचा आवाज येऊ लागला. तीही आत जाऊन वात सारखी करत होती, समईत तेल घालत होती. तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. साडेसहा झाले होते.

सवयीने तिचा हात फोनकडे गेला. मग तिने तो उचलला आणि ओट्यावर येऊन पूनमसमोर धरला.

"घे. तूच दाब."

पूनमने फोनकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहिलं. "माय, आता? दिवा लावायचा आहे न."

"तू दाब."

पूनमने रडका चेहरा दाबला, अगदी डावीकडचा. आईने तोंडाला पदर लावला. तीन दिवस थांबायचा आमचा नियम मी गुंडाळून ठेवला आणि तिथूनच अनघाला फोन लावला. पूनमला तिचा आवाज ओळखीचा होता. ती फोन घेऊन अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. आधी बराच वेळ नुसतंच ऐकत होती. मग बोलायला लागली. शब्द आमच्यापर्यंत येत नव्हते. हातवारे मात्र दिसत होते.

आई उंबऱ्यावर बसून होती, हातात काडेपेटी. अंधार पडला. गल्लीतल्या सगळ्या घरांत दिवे लागले. काकांची स्कूटर लांबून ऐकू येऊ लागली.

"काय बोलून राहिली असन हो ती?" आईने विचारलं.

"माहीत नाही, वहिनी."

"वाईटच बोलत असन न?"

"असेल."

तिने मान हलवली. मी म्हटलं, "वहिनी, तुमचा दिवा लावायचा राहिला."

"राहू द्या," ती म्हणाली आणि काडेपेटी मांडीवर ठेवली. "तिचं बोलणं होऊ द्या पयले. मंग लावीन."